पाणी फिरेपर्यंत

सव्वाअकराला समुद्र असेल, असं अप्पांनी सांगितलं होतं. सव्वाअकरा वाजले, आणि समुद्र नव्हता.

इंग्लंडातल्या वेस्टनच्या किनाऱ्यावर लांबच लांब दगडी कठडा आहे. त्या कठड्याला टेकून आम्ही अठ्ठेचाळीस माणसं उभी होतो. बायकांच्या साड्यांवर स्वेटर, पुरुषांच्या हातात पिशव्या, पिशव्यांत दशम्या आणि बटाट्याची सुकी भाजी, पोरांच्या हातात प्लॅस्टिकच्या बादल्या. समोर पिवळी वाळू, वाळूपुढे करडा चिखल, आणि चिखलापुढे पुन्हा चिखल. पार टोकाला, आभाळ टेकतं तिथे, एक चकाकती रेघ दिसत होती. तो समुद्र, असं आपलं समजून घ्यायचं.

"काय अप्पा," आमच्या मराठी मंडळाचे चिटणीस विद्वांस म्हणाले, "समुद्र कुठाय? देवगडलाच राहिला वाटतं!"

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू! पहाटे पाचला उठून अठ्ठेचाळीस माणसांनी अंघोळी उरकल्या होत्या त्या अप्पांच्या गणितापायी. एरवी आमची कोच बर्मिंगहॅमहून नऊला निघायची. अप्पांनी मंडळाच्या बैठकीत जाऊन ती साडेसातला काढायला लावली होती.

अप्पा मात्र हसले नाहीत. दोन्ही हातांत नारळ धरून ते त्या चिखलाकडे बघत राहिले.

"दर्यो खंय गेलो?" ते म्हणाले. हे कोणाला विचारलं, देव जाणे.

ही १९७४ सालची गोष्ट. अप्पा म्हणजे माझे सासरे. देवगडचे तांडेल, म्हणजे मच्छीमारी गलबतावरचे मुख्य. त्यांच्या शब्दाबाहेर शीड हलायचं नाही. मी कराडची, घाटावरची. मुंबईला नर्सिंगचं शिक्षण घेताना मुकुंद कुबल भेटला, लग्न झालं, आणि दोघं बर्मिंगहॅमला आलो. तो बसच्या गॅरेजमध्ये, मी हॉस्पिटलात. (नवऱ्याचं नाव घ्यायला मी इंग्लंडात शिकले. अप्पांसमोर मात्र 'अहो'च.) सासूबाई गेल्या, गलबत विकलं, देवगडच्या घरात अप्पा एकटे पडले. म्हणून मुकुंदने त्यांना मार्चमध्ये आणलं. परतीचं तिकीट सप्टेंबरच्या दहा तारखेचं होतं. मुकुंद रोज एकच धोशा लावायचा, "अप्पा, आता इथेच राहा. तिथे तुम्हाला पाणी तापवून द्यायलाही कोणी नाही."

अप्पा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. जुलैत एकदा जेवताना त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"नारळी पुनवेक मी साठ वर्षां दर्याक नारळ दिलंय," ते म्हणाले. "हंयच्या दर्यान माझो नारळ घेतल्यान, तर मी रवतलंय. नाय घेतल्यान, तर आपल्या घराक जातलंय. मगे माका कोणी अडवूचा नाय."

मुकुंदचा चेहरा उजळला. समुद्र काय, टाकलेलं सगळं घेतो, असं त्याला वाटलं असणार. योगायोगाने नारळी पौर्णिमा नेमकी मंडळाच्या वेस्टनच्या सहलीच्या शनिवारी येत होती. मग नारळाचा शोध सुरू झाला. आमच्या भागातल्या गुजराती दुकानात नारळ मिळायचे, पण तासून गुळगुळीत केलेले. अप्पांना शेंडीचा हवा होता. "ह्यो नारळ की टकलो न्हावी?" असं त्यांनी दुकानदाराला मालवणीत विचारलं आणि मी ते इंग्रजीत सांगितलं नाही. तिसऱ्या शनिवारी, पाचव्या दुकानात, शेंडीचा नारळ मिळाला.

कोचमध्ये तो मांडीवर घेऊन अप्पा पहिल्या सीटवर बसले होते. माझी दीड वर्षाची नंदा त्या शेंडीशी खेळत होती. आणि अप्पा सगळ्या कोचला भरती-ओहोटी शिकवत होते.

"तिथीची पाऊणपट करूची. आज पुनव, पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराक पूर्ण भरती. शाळेत नाय शिकवल्यानी?"

"आमच्या शाळेत समुद्र नव्हता, अप्पा," मी म्हटलं.

"घाटावरच्यांका दर्यो म्हणजे मोठी विहीर," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग माझ्याकडे वळून, जरा मायेने, "आयक गो शालन. भरती चढत आसताना नारळ टाकूचो नाय. टाकलो तर लाट परत आणून देता. पाणी पूर्ण भराक होया, थांबाक होया, फिराक होया. पाण्याक ओढ लागली काय मगे सोडूचो. मगे तो जाता."

"आणि ओढ लागली हे कळतं कसं?"

"बारीक कायतरी टाकूचा. काडी, पान. ता खंय जाता बघूचा." ते हसले. "विहिरीत नाय कळूचा."

असं सगळं शिकवून झालं होतं. आणि आता समोर चिखल होता.

पुढे जे झालं ते बघायला विद्वांसांनी दशमीचा घास हातातच ठेवला. अप्पांनी चपला काढल्या, धोतर गुडघ्याच्या वर खोचलं आणि नारळ घेऊन वाळूत उतरले. समुद्र येत नाही तर आपण जाऊ, असा सरळ हिशेब. मी नंदाला मुकुंदच्या हातात दिलं आणि मागे धावले. वाळू संपून चिखल लागला. चौथ्या पावलाला अप्पांचा पाय पोटरीपर्यंत आत गेला.

मागून शिट्टी वाजली. किनाऱ्यावर कापडी खुर्च्या भाड्याने देणारा एक म्हातारा हात हलवत येत होता. अप्पांच्याच वयाचा, तसाच रापलेला.

"बाई, यांना मागे घ्या! तिकडे माणूस कमरेपर्यंत रुततो. दरवर्षी कोणीतरी रुततं."

"पाणी कधी येतं?" मी विचारलं.

"येईल की! संध्याकाळी." त्याने आम्हाला कठड्याजवळच्या फळ्यावर नेलं. तिथे खडूने वेळ लिहिली होती. अप्पांना इंग्रजी येत नव्हतं, आकडे येत होते. त्यांनी बोट लावून वाचलं, "सात... बेचाळीस."

"आज मोठी भरती," म्हातारा म्हणाला. "चाळीस फूट चढेल."

मी अप्पांना सांगितलं. त्यांनी मला पुन्हा विचारायला लावलं. मी पुन्हा विचारलं. चाळीसच.

"आमच्याकडे आठ," अप्पा म्हणाले. त्यांनी त्या रेघेकडे पाहिलं, मग कठड्याच्या दगडांवर वरपर्यंत चढलेल्या हिरव्या शेवाळाकडे. बोटांवर काहीतरी मोजलं. "सव्वाअकरात साडेआठ तास मिळवूचे. इतक्याच. बाकी गणित बरोबर आसा." जरा थांबून म्हणाले, "मोठो दर्यो आसा ह्यो."

गणितात साडेआठ तासांची चूक म्हणजे काहीच नाही, असा त्यांचा सूर होता. मला हसू आलं, पण लगेच मी घड्याळ पाहिलं. कारण कोच सहाला सुटायची होती. विद्वांस गळ्यात शिट्टी अडकवून हिंडायचे ते काही शोभेला नव्हे. मागच्या वर्षी त्यांनी स्वतःच्या मेव्हण्याला मागे टाकलं होतं.

दिवस मात्र छान गेला. वेस्टनच्या सहलींची आठवण काढली की मला अजून तोच दिवस आधी आठवतो. पोरं गाढवांवर बसली. नंदाने गाढवाच्या कानाला हात लावला आणि दिवसभर तोच हात सगळ्यांना दाखवत राहिली. दशम्या संपल्यावर व्हिनेगर घातलेले बटाट्याचे काप कागदातून खाल्ले, आणि त्यावर विद्वांसबाईंनी पर्समधून काढलेली लसणाची चटणी. समुद्रात बांधलेल्या लाकडी पुलाच्या टोकापर्यंत चालत गेलो. खाली पाण्याऐवजी चिखल, तरी वारा खराच. घरून निघताना घातलेला स्वेटर मी पहिल्यांदाच काढला. कोणी सुचवलं की मुलांच्या पोहण्याचं बांधीव तळं आहे, नारळ त्यात सोडा. अप्पांनी उत्तरही दिलं नाही. ते खुर्चीवाल्या म्हाताऱ्याशेजारी बसले होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. म्हातारा बोटाने कुठे कुठे दाखवायचा, अप्पा मान हलवायचे, मग अप्पा दाखवायचे. त्याने अप्पांकडून खुर्चीचं भाडं घेतलं नाही.

नंदाला दुपारी झोप आली तेव्हा ती माझ्याकडून निसटली आणि तरातरा अप्पांकडे गेली. त्यांनी तिला छातीवर घेतलं आणि गलबत ओढताना खलाशी म्हणतात ते 'हैसो, हैसो' हळू आवाजात म्हणू लागले. बर्मिंगहॅमच्या घरीही ती अशीच झोपायची. मी रात्रपाळीहून यायची तेव्हा ही दोघं खुर्चीत झोपलेली असायची, ओट्यावरची भांडी घासून पालथी घातलेली असायची. हे कधी सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. मे महिन्यात नव्हतं. जूनमध्ये होतं.

पाचच्या सुमाराला ती लांबची रेघ रुंद झाली. मग मी नंदाला सँडल घालून मान वर केली तेवढ्यात ती निम्म्यावर आली होती. असलं पाणी मी पाहिलं नव्हतं. साडेपाचला ते वाळूवर होतं, करडं, जाडसर, घाईत असल्यासारखं. मंडळी टाळ्या वाजवत पाण्याच्या कडेला जमली.

"अप्पा, आला तुमचा पाहुणा!" विद्वांस म्हणाले. त्यांनी घड्याळ पाहिलं. "वीस मिनिटं आहेत. होऊन जाऊ द्या."

अप्पा गुडघाभर पाण्यात गेले. नारळाला हळद-कुंकू लावलेलं होतं. त्यांनी तो कपाळाला लावला, ओठ हलले, आणि हात उचलून त्यांनी तो लांब फेकला. साठ वर्षांचा सराव. सगळ्यांनी हात जोडले.

नारळ वर आला, दोन लाटांवर डुलला, आणि गडगडत परत आला. थेट अप्पांच्या पायाशी.

त्यांनी पुन्हा फेकला. पुन्हा परत आला. ह्या खेपेला तर वाळूवर येऊन पडला.

विद्वांसबाईंनी तोंडावर पदर घेतला. अप्पांनी वाकून नारळ उचलला, पंच्याने पुसला.

"बघलात?" ते शांतपणे म्हणाले. "दर्यान नाय म्हटल्यान. मुकुंदा, माझा तिकीट आसा ताच ठेव. धा तारखेक मी जातलंय."

मुकुंदचं तोंड इतकंसं झालं. "अप्पा, हे काय... एकदा अजून..."

"दोनदा टाकलंय. तिसऱ्यांदा भीक मागूची नाय."

शिट्टी वाजली. सगळे कोचकडे निघाले. मुकुंद पुढे, खांद्यावर नंदा. मी मागून पिशव्या घेऊन. नंदा त्याच्या खांद्यावरून मागे हात करून "आबा, आबा" म्हणत होती, आणि अप्पा तिच्याकडे न बघता चालत होते. ते मला दिसलं, आणि मग मला दुसरंही दिसलं.

कोचच्या पायरीवर एक पाय ठेवून मी थांबले.

"अहो," मी मुकुंदला म्हटलं, "नंदाला घेऊन तुम्ही पुढे व्हा. तिला दूध-पोळी द्या. मी आणि अप्पा मागून रेल्वेने येतो."

"काय? कशाला?"

"मग सांगते."

"कुबलबाई," विद्वांस म्हणाले, "सहा म्हणजे सहा. नियम सगळ्यांना सारखा."

"मग सोडा की सहाला. मी कुठे थांबवतेय?"

लग्नानंतर मी पहिल्यांदाच सासऱ्यांच्या हाताला धरलं आणि त्यांना कोचपासून लांब नेलं. कोच गेली. खिडकीतून मुकुंद बघत राहिला. मंडळाच्या त्या कोचने आणखी दोन माणसं मागे टाकल्याचं विद्वांस पुढे कित्येक वर्षं अभिमानाने सांगत.

आम्ही कठड्यावर, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांजवळ बसलो. खुर्चीवाला म्हातारा खुर्च्या मिटून रचत होता. त्याने लांबूनच टोपी हलवली.

"तू कित्याक रवलंस?" अप्पांनी विचारलं.

"अप्पा, पाणी चढतंय की उतरतंय?"

"तुका डोळे नाय?"

"आहेत. चढतंय. आपण बसलो तेव्हा ती तिसरी पायरी कोरडी होती, आता भिजली." मी एक दम घेतला. "सकाळी तुम्हीच सांगितलंत, चढत्या पाण्यात टाकलेला नारळ लाट परत आणून देते. मी विहिरीकाठची बाई, मला ते दुपारभर लक्षात राहिलं. साठ वर्षं नारळ देणारा तांडेल विसरला?"

अप्पांनी पाण्याकडे पाहिलं.

"विसरला नाहीत. मुद्दाम टाकलात. दोन्ही वेळा."

त्यांनी नारळ हातात फिरवला. मग म्हणाले, "तुमच्या घराच्यो भिंती पातळ आसत."

मला लगेच कळलं. मे महिन्यातली ती सकाळ. मी रात्रपाळी करून आले होते. घरभर सुक्या बोंबलांचा वास, शेजारीण दारात येऊन कुरकुरून गेलेली, सिंक भरलेलं, नंदा रडतेय. आणि मी खोलीचं दार लावून मुकुंदला म्हटलं होतं, "ह्यांना कायमचं ठेवायचं ठरवलंयत? घर माझंही आहे. मला कोणी विचारलं?"

"आयकलंय मी," अप्पा म्हणाले. "तू खोटा काय बोलूक नाय. तुका कोणी इचारूक नाय, ता खराच."

"मग तेव्हाच बोलायचं होतंत!"

"मुकुंदाक सांगान तुमच्यात भांडाण लावू? म्हणून दर्याचा नाव पुढे केलंय. दर्याशी कोण भांडता?"

मला रडू फुटलं. रागाने, लाजेने, आणि ह्या माणसाने तीन महिने ते मनात ठेवून माझी भांडी घासली, म्हणून. नाक पुसायला मला रुमालही सापडेना. त्यांनी आपला पंचा पुढे केला. त्याला हळद-कुंकू लागलेलं होतं.

"मी म्हटलं होतं," मी म्हटलं. "नाकारत नाही. आणि तेव्हा ते खरं होतं, अप्पा. बोंबलाचा वास मला आजही सहन होत नाही. पण ते मे महिन्यातलं खरं होतं. आता ऑगस्ट लागलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे रात्रपाळीहून येताना बस वळली की मला आधी तुमची खिडकी दिसते. दिवा असला की बरं वाटतं. मला कोणी विचारलं नव्हतं, आता मीच विचारतेय. राहाल का?"

समोर पाणी भरत होतं. वाळू गेली, खालच्या पायऱ्या गेल्या, सकाळी चिखलात उताणी पडलेली होडी सरळ होऊन डुलायला लागली. जिथे पोरं गाढवांवर बसली होती तिथे आता दोन पुरुष पाणी असेल. पाणी कठड्याच्या दगडांना लागलं आणि मग सगळं गप्प झालं. लाटाही थांबल्यासारख्या.

मी बटाट्याच्या कापांबरोबर मिळालेला छोटा लाकडी काटा पिशवीतून काढून पाण्यात टाकला. तो जागच्या जागी गिरकी घेत राहिला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत होतो. पाच मिनिटं झाली असतील. मग तो हलला. दगडापासून एक बोट लांब, मग एक वीत.

"अप्पा, ओढ लागली," मी म्हटलं.

"लागली," ते म्हणाले. आणि त्यांनी नारळ माझ्या मांडीवर ठेवला.

"मी? मला नाही फेकता यायचा."

"फेकूचो नाय. सोडूचो." ते माझ्याकडे बघत नव्हते. "घर तुझा. तूच सोड."

पायऱ्यांमधल्या वरच्या दोनच उरल्या होत्या. मी साडी खोचून खाली बसले. अप्पांनी मागून माझा खांदा धरला. काय म्हणायचं असतं ते मला माहीत नव्हतं. देवगडची माणसं काय म्हणतात तेही मी विचारलं नाही. मी मनातल्या मनात एवढंच म्हटलं, की ह्यांना राहू दे. आणि हात उघडले.

नारळ पाण्यात बुडाला, वर आला. माझ्या बोटांना एकदा शेंडी लागली. मग तो हळूच बाजूला झाला, त्या लाकडी काट्याच्या वाटेने, आणि एकदा ओढीला लागल्यावर मागे न वळता निघाला. दहा हात गेला, मग वीस. उन्हं तिरपी होती, पाणी सगळं सोनेरी, त्यात तो काळा ठिपका बराच वेळ दिसत होता. मग दिसेनासा झाला.

अप्पांनी हात जोडले. डोळे पुसले का ते मी पाहिलं नाही. मग ते उठले, धोतर झटकलं, आणि पिशव्या माझ्या हातून काढून घेतल्या.

"चल गो. गाडी खंय मिळता ता इचार," ते म्हणाले. "फाल्या तुझी सकाळची पाळी. तू नीज, नंदाक मी बघतंय."